ठिपक्यांचा सातबारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑस्ट्रेलियात तिथल्या मूलनिवासींविषयी रेडिओवर किंवा दूरचित्रवाणीवर कार्यक्रम असला, की बऱ्याचदा आधी एक सूचना देतात. या कार्यक्रमात दिवंगत व्यक्तींची नावं, आवाज किंवा छायाचित्रं असू शकतील, अशी ती सूचना असते. कारण तिथल्या अनेक समाजांत माणूस गेला, की काही काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कुणी असेल, तर त्यालाही तेवढ्या काळापुरती वेगळ्या नावाने हाक मारतात. माझ्या आजच्या बोलण्यातही काही गेलेल्या माणसांची नावं येणार आहेत. म्हणून ती सूचना मीही देतो. आठवण सांगायची असते, वाटायची असते, पण तिच्याही काही रीती असतात. मला आज जे सांगायचं आहे, त्याची सुरुवात इथूनच होते.

मी चित्रकलेचा शिक्षक. तालुक्याच्या गावी एका शाळेत बत्तीस वर्षं मुलांना स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र शिकवलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. १९९७ साली शाळेच्या आवाराची भिंत रंगवायची ठरली. कुणीतरी परदेशातून आणून दिलेलं एक कॅलेंडर माझ्याकडे होतं. त्यात ऑस्ट्रेलियातली चित्रं होती. तांबड्या जमिनीवर हजारो ठिपके, मध्ये वर्तुळात वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या रेषा. त्यातलं एक चित्र आम्ही चौकोन आखून मोठं केलं आणि भिंतीवर उतरवलं. मुलांनी आठ दिवस खपून, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ठिपके दिले. एका कोपऱ्यात जागा उरली, म्हणून मी तिथे एक कांगारूही बसवला. खाली लिहिलं, 'ऑस्ट्रेलियन नक्षीकाम'. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. मीही खूश होतो.

निवृत्तीनंतर, २०१४ साली, मुलाकडे सिडनीला गेलो. तिथल्या एका दुकानात ठिपक्यांची नक्षी असलेला लाकडी ट्रे दिसला. भिंतीची आठवण झाली आणि मी तो हौसेने घेतला. घरी आल्यावर सुनेने तो उलटा करून पाहिला, तर तळाशी दुसऱ्याच देशाचं नाव. ती म्हणाली, ''बाबा, हे इथलं नाहीच. कारखान्यात छापलंय.'' हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्याच उत्पादकता आयोगाने २०२२ साली अहवाल दिला. मूलनिवासी शैलीच्या भेटवस्तूंवर लोक जो पैसा खर्च करतात, त्यातला निम्म्याहून अधिक अशा नकली वस्तूंवर जातो, असं त्यात म्हटलं आहे.

पुढच्या आठवड्यात मुलाने कॅनबेराला, तिथल्या राष्ट्रीय कलादालनात नेलं. तिथे आतून पोखरलेल्या, रंगवलेल्या झाडांच्या खोडांचं जंगल उभं आहे. त्याविषयी पुढे सांगतोच. तिथे माहिती सांगणाऱ्या एक बाई होत्या, स्वतः मूलनिवासी. त्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की मीही माझ्या विद्यार्थ्यांकडून असं एक चित्र करून घेतलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, ''कुणाचं?''

मी म्हटलं, ''कॅलेंडरमधलं.''

''हो, पण कुणाचं? कुठल्या जागेचं?''

मला उत्तर देता आलं नाही. बाई रागावल्या नाहीत. पण बत्तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला 'हे चित्र कुणाचं' याचं उत्तर येत नव्हतं, हे मला लागलं. त्या प्रश्नाने पुढची काही वर्षं मला वाचायला लावलं. जे हाती आलं, त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. पण इथे ती अडचण फारशी नाही. कारण ही चित्रं मुळात बोलता बोलताच काढली जातात. आपला डावा तळहात पुढे करा. उजव्या हाताच्या बोटाने त्यावर इंग्रजी 'यू' अक्षर काढा. हा झाला बसलेला माणूस. वाळूत मांडी घालून बसलेला माणूस उठून गेला, की मागे जो ठसा उरतो, तसा हा आकार. त्याच्या शेजारी एक आडवी रेघ ओढा. ती जमीन खणायची काठी असेल, तर ही बाई आहे. भाला असेल, तर पुरुष. आता वर्तुळात वर्तुळ काढा. हा पाणवठा, किंवा मुक्कामाची जागा. तिथून दुसऱ्या वर्तुळापर्यंत रेघ न्या. ही वाट. वाटेवर तीन बोटांच्या बाणासारख्या खुणा केल्या, तर इथून एमू पक्षी गेला. मध्ये एक लांब रेघ आणि दोन्ही बाजूंना पावलं दाखवली, तर शेपूट ओढत कांगारू गेला.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वार्लपिरी नावाचा समाज राहतो. तिथल्या बायका वाळूवर बोटाने अशा आकृत्या काढत पोरांना गोष्टी सांगतात. एक प्रसंग झाला, की हाताने वाळू सपाट करायची आणि पुढचा प्रसंग काढायचा. गोष्ट संपली, की चित्रही संपलं. नॅन्सी मन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९५०च्या दशकात युएंडुमू या वस्तीत राहून या आकृत्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातून बाहेरच्या जगाला कळलं, की ही नुसती नक्षी नाही. एकच वर्तुळ गोष्टीप्रमाणे कधी पाणवठा होतं, कधी चूल, कधी झाडाचं बूड. सांगणारा बरोबर असला, तरच चित्राचा अर्थ लागतो.

या साऱ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे. पश्चिम वाळवंटातल्या भाषांत तिला 'जुकुर्पा' म्हणतात. इंग्रजीत तिचं भाषांतर 'ड्रीमिंग' असं झालं आणि त्यावरून पुष्कळांचा समज झाला, की हे स्वप्नाबिप्नाचं काही तरी आहे. जुकुर्पा म्हणजे ज्या पूर्वजांनी ही जमीन घडवली त्यांची कथा. ते कधी माणसाच्या रूपात होते, कधी मुंगीच्या, कधी सापाच्या, कधी पावसाच्या. ते चालले, थांबले, भांडले, झोपले. जिथे थांबले तिथे टेकडी झाली, जिथे खणलं तिथे पाणी लागलं. त्यांची वाट म्हणजेच गोष्ट, तेच गाणं आणि कुणी कुणाशी कसं वागायचं याचा कायदाही तोच. ते गाणं ज्याला येतं, त्याला शेकडो मैलांच्या वाळवंटात पाणी कुठे आहे ते ठाऊक असतं. हे सगळं फार पूर्वी घडून संपलं, असं ते मानत नाहीत. ते आजही चालूच आहे. या खंडावर माणसाचा वावर निदान पन्नास हजार वर्षांचा आहे, असं पुराणवस्तुशास्त्र सांगतं. तेवढ्या काळात लिपी नव्हती. पण लिहिलेलं पुष्कळ होतं, फक्त ते वाळूवर, कातळावर, झाडाच्या सालीवर आणि माणसाच्या अंगावर होतं.

मग हे कॅनव्हासवर कसं आलं? तीही एका शाळेच्याच भिंतीची गोष्ट आहे.

ॲलिस स्प्रिंग्ज या शहरापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर पापुन्या नावाची वस्ती आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ती वसवली. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या समाजांना त्यांच्या मुलखातून इथे आणून ठेवलं. मूलनिवासींनी आपली राहणी सोडून गोऱ्यांसारखं व्हावं, असं त्या वेळी सरकारचं धोरणच होतं. १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा तरुण शिक्षक तिथे चित्रकला शिकवायला आला. त्याच्या लक्षात आलं, की मुलं वर्गात गोऱ्यांच्या सिनेमातले काउबॉय काढतात आणि बाहेर मैदानात मात्र वाळूवर भलत्याच सुंदर आकृत्या काढतात. त्याने शाळेची भिंत रंगवायची कल्पना काढली. मुलं पुढे आली नाहीत, त्यांचे वडीलधारे आले. कारण त्या आकृत्या काढण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा होता.

पापुन्या ज्या जागी आहे, ती मधमुंगीच्या जुकुर्पाची जागा. पोटात मध साठवणारी ही मुंगी वाळवंटात फार मोलाची. ज्यांच्याकडे त्या कथेचा मान होता, त्या म्हाताऱ्या माणसाची परवानगी घेतली गेली आणि मग मधमुंगीचं चित्र भिंतीवर चढलं. कापा जाम्पिजिन्पा हा त्यातला एक प्रमुख चित्रकार. त्याने आधी मुंग्या गोऱ्या लोकांच्या चित्रांतल्यासारख्या काढल्या होत्या. या तुमच्या मुंग्या आहेत का, असं बार्डनने विचारल्यावर त्याने त्या पुसल्या आणि आपल्या रीतीच्या काढल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या कलास्पर्धेत कापाच्या चित्राला विभागून पहिलं बक्षीस मिळालं. मग वस्तीतल्या पुरुषांनी हाताला लागेल त्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. मोडक्या फळ्या, फरशीचे तुकडे, खोक्यांचे पत्रे. १९७२ साली त्यांनी 'पापुन्या तुला' ही स्वतःच्या मालकीची संस्था काढली. ती आजही चालू आहे.

भिंतीचं काय झालं? १९७४ साली इमारतीच्या रंगकामात ती पुसून टाकली गेली. एका मोठ्या कलापरंपरेचा पहिला पानसुद्धा कुणी जपून ठेवला नाही.

ती भिंत रंगवणाऱ्यांत बिली स्टॉकमन जापलजारी नावाचे एक गृहस्थ होते. शाळेच्या आवाराची देखभाल करणारे साधे कर्मचारी. १९२८ साली ते तान्हे असताना कॉनिस्टन परिसरात पोलिसांच्या तुकडीने मूलनिवासींचं हत्याकांड केलं. सरकारी आकडा एकतीस. लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. चौकशी झाली, आणि गोळीबार योग्य होता असा निष्कर्ष निघाला. त्या हत्याकांडात बिली यांची आई मारली गेली. आईने लाकडी परातीत झुडपाआड ठेवलेलं मूल तेवढं वाचलं. त्या मुलाने पुढे शाळेच्या भिंतीवर आपल्या लोकांची गोष्ट काढली. ज्या सरकारी कागदांवर त्याच्या आईचा न्याय झाला नव्हता, त्या सरकारच्या भिंतीवर. हे वाचलं तेव्हा माझ्या कॅलेंडरमधले ते ठिपके मला पहिल्यांदा वेगळे दिसले.

आता या ठिपक्यांविषयी. ठिपके म्हटले, की आपल्याला ठिपक्यांची रांगोळी आठवते. पण तुलना करताना मी एका ठिकाणी चुकत होतो. आपण आधी ठिपके देतो आणि मग रेषांनी जोडतो. तिथे आधी वर्तुळं, वाटा, पावलं येतात आणि ठिपके मागाहून, त्यांच्या भोवती आणि कधी त्यांच्यावरही. असं का? पापुन्याच्या सुरुवातीच्या चित्रांत काही चित्रकारांनी विधींमधल्या अशा गोष्टी दाखवल्या होत्या, ज्या फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या असतात. ती चित्रं बाहेर मांडली गेली, तेव्हा शेजारच्या समाजांतल्या जाणत्यांनी तीव्र आक्षेप घेतला. हे बायका-मुलांना आणि परक्यांना दाखवलंतच कसं? वाद मोठा झाला. त्यानंतर चित्रकारांनी गुप्त खुणा काढणं टाळलं आणि ठिपक्यांचं दाट आवरण वाढत गेलं. म्हणजे जे ठिपके आपल्याला सजावट वाटतात, ते काही वेळा पडद्याचं काम करतात. गोष्ट सांगायची, पण तिचा गाभारा झाकून. त्या सुरुवातीच्या चित्रांपैकी काही आजही तिथल्या जाणत्यांच्या सल्ल्याने संग्रहालयं भिंतीवर लावत नाहीत.

आणि प्रत्येक गोष्टीला मालक असतो. मालक म्हणजे विकत घेतलेला नव्हे, वारशाने जबाबदारी आलेला. वार्लपिरींमध्ये एका जागेच्या कथेचे हक्कदार वडिलांकडून ठरतात, आणि ती कथा नीट सांगितली जाते की नाही हे पाहणारे राखणदार आईच्या बाजूने येतात. हक्कदाराने चित्र काढायचं आणि राखणदाराने ते बरोबर आहे ना ते बघायचं. चित्रात चूक झाली, किंवा ते भलत्याच्या हाती गेलं, तर चित्रकाराला आपल्या लोकांपुढे उत्तर द्यावं लागतं.

ही गोष्ट बाहेरच्यांना कळायला वेळ लागला. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने नवी एक डॉलरची नोट काढली. तिच्यावर डेव्हिड मलांगी या चित्रकाराच्या सालीवरच्या चित्राची आकृती होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बोभाटा झाल्यावर त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य देण्यात आलं. १९९०च्या दशकात याहून वाईट घडलं. मूलनिवासी कलावंतांची चित्रं परवानगीशिवाय उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणले गेले आणि ऑस्ट्रेलियात विकले गेले. त्यांत बंडुक मरिका या बाईंच्या एका चित्राचाही गालिचा होता. त्यांच्या कुळाच्या पवित्र पाणवठ्याचं चित्र, आणि लोक त्यावर पाय देऊन चालणार! त्यांची काहीही चूक नव्हती, तरी आपल्या समाजापुढे त्यांची मान खाली गेली. आठ कलावंतांच्या वतीने खटला उभा राहिला. त्यातले पाच जण तोवर हयात नव्हते. १९९४ साली न्यायालयाने कलावंतांच्या बाजूने निकाल दिला आणि नुकसानभरपाई ठरवताना समाजात झालेली मानहानीही लक्षात घेतली.

आता मी ज्याला सातबारा म्हणतो, त्या गोष्टीकडे येतो.

उत्तर ऑस्ट्रेलियात, अर्नहेम लँडमध्ये यिर्काला नावाची वस्ती आहे. तिथल्या योलंगू लोकांची जमीन १९६३ साली सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी परस्पर वेगळी काढली. योलंगूंनी संसदेला अर्ज केला. अर्ज टंकलिखित होता, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीतही. पण तो कागद त्यांनी झाडाच्या सालीवर चिकटवला आणि भोवतीने आपल्या कुळांची चित्रं रंगवली. संसदेला इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून इंग्रजी. आणि ही जमीन आमची कशी, याचा दाखला म्हणून चित्रं. ते अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात काचेआड आहेत. मी ते पाहिले. आपल्या तलाठ्याकडचा उतारा मला आठवला. गट नंबर, हक्कदाराचं नाव, विहीर, झाडं. त्या सालीवर हे सगळं होतं. फक्त वाचणाऱ्याला ती लिपी येत नव्हती.

खाण झालीच. योलंगू न्यायालयात गेले आणि १९७१च्या एप्रिलमध्ये हरले. यांच्याकडे कायद्याची एक व्यवस्था आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केलं, पण आमच्या कायद्यात ती मालकी ठरत नाही, असं सांगितलं. आणि लक्षात घ्या, पापुन्याची भिंत याच वर्षी रंगली. १९७६ साली उत्तर प्रदेशात, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीत, जमीनहक्काचा कायदा आला. १९९२ साली माबो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'इंग्रज येण्याआधी ही जमीन कुणाचीच नव्हती' ही जुनी समजूत मोडीत काढली.

त्यानंतरची हकिकत मला सर्वांत जास्त भावते. ग्रेट सँडी डेझर्ट या वाळवंटातल्या लोकांनी आपल्या मुलखावर हक्क सांगितला. दावेदार निरनिराळ्या भाषा बोलणारे. अनेकांना इंग्रजी नीट येत नाही. न्यायाधिकरणापुढे साक्ष द्यायची कशी? त्यांनी चित्र काढायचं ठरवलं. १९९७ साली पिर्निनी नावाच्या ठिकाणी चाळीसहून अधिक जणांनी मिळून आठ मीटर बाय दहा मीटरचा कॅनव्हास रंगवला. प्रत्येकाने फक्त आपल्या हक्काची जागा रंगवायची, दुसऱ्याच्या जागेत ब्रश घालायचा नाही. त्यात कधीही न आटणारे पाणवठे होते, ज्यांना ते 'जिला' म्हणतात. न्यायाधिकरणाचे सदस्य वाळवंटात आले. कॅनव्हास जमिनीवर अंथरला होता. एकेक साक्षीदार उठायचा, कॅनव्हासवर आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहायचा आणि आपल्या भाषेत सांगायचा, की ही माझी जागा, ही माझ्या आजोबांची वाट.

आपल्याकडे मोजणीच्या वेळी म्हातारा शेतकरी बांधावर उभा राहतो ना, अगदी तसं. मोजणी अधिकारी कागद बघत असतो आणि म्हातारा पायाखाली बघत असतो.

दाव्यात इतरही पुरावे होते. निकालाला आणखी दहा वर्षं लागली. नोव्हेंबर २००७ मध्ये संघीय न्यायालयाने सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर मुलखावर त्यांचा हक्क मान्य केला. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ चौथा हिस्सा. तोवर त्या कॅनव्हासवर उभं राहून बोलणाऱ्यांतले काही जण जगात नव्हते.

त्याच २००७ साली आणखी एक गोष्ट घडली. क्लिफर्ड पॉसम जापलजारी या चित्रकाराचं 'वार्लुगुलाँग' हे १९७७ सालचं भव्य चित्र लिलावात २४ लाख डॉलरला गेलं आणि राष्ट्रीय कलादालनात दाखल झालं. ते पहिल्यांदा १,२०० डॉलरला विकलं गेलं होतं. चित्रकार २००२ सालीच वारले होते आणि वाढलेल्या किमतीतला पैसाही त्यांच्या घरी गेला नाही. तसा कायदाच नव्हता. २०१० पासून तो लागू झाला. आता एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या फेरविक्रीवर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना पाच टक्के मिळू शकतात.

सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. २०२०च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकान घळीतली प्राचीन निवाऱ्याची जागा लोखंडाच्या खाणीसाठी सुरुंगाने उडवण्यात आली. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या वावराच्या खुणा होत्या. त्या वेळच्या कायद्याने परवानगी दिलेली होती. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मूलनिवासींना राज्यघटनेत सल्लागार मंडळाच्या रूपाने स्थान देण्याचा प्रस्ताव सार्वमतात नाकारला गेला. चित्रं विमानतळांवर आणि बँकांच्या भिंतींवर आहेत. चित्र काढणाऱ्यांचं म्हणणं ऐकायला देश अजून कचरतो.

मघाशी ज्या खोडांच्या जंगलाविषयी म्हणालो, ते याच संदर्भात पाहायला हवं. १९८८ साली ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांच्या वसाहतीची दोनशे वर्षं साजरी केली. त्या वेळी रामिंगिनिंग आणि आसपासच्या ४३ कलावंतांनी दोनशे पोकळ खोडं रंगवली. त्यांच्याकडे मृताच्या अस्थी अशा रंगवलेल्या खोडात ठेवून निरोप देण्याची रीत आहे. एकेका वर्षाला एकेक खोड. आपली जमीन राखताना जे मेले, ज्यांचे अंत्यविधी कधी झालेच नाहीत, त्या सर्वांसाठी. त्यांच्या मुलखातल्या ग्लाइड नदीच्या वळणाप्रमाणे त्या खोडांमधून वाट ठेवली आहे. मी त्या वाटेने चाललो. तिथे कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. पण प्रत्येक खोडावर कुठल्या ना कुठल्या कुळाची, जागेची खूण आहे. याच वाटेच्या टोकाशी त्या बाईंनी मला विचारलं होतं, ''कुणाचं?''

१९८९ साली पॅरिसला एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात युएंडुमूच्या वार्लपिरी चित्रकारांनी जमिनीवर चित्र मांडलं होतं. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंही काम होतं. वारली चित्रकलेचं पुढे काय झालं, ते आपण पाहतोच. लग्नाचा चौक सवाशिणींनी काढायचा, त्याच्या रीती ठरलेल्या. आणि आपण ती माणसं उचलून चहाच्या कपांवर, पडद्यांवर, हॉटेलच्या भिंतींवर नाचवली. तेव्हा 'कुणाचं?' हा प्रश्न ऑस्ट्रेलियापुरता राहत नाही.

२०१५ साली गावी परतलो. शाळेत गेलो, तर माझी ती भिंत पुसून तिच्यावर 'पाणी अडवा, पाणी जिरवा' लिहिलेलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ''सर, मागची भिंत मोकळी आहे. पुन्हा तसलंच काही काढा ना.'' मी म्हटलं, काढू, पण तसलं नको.

या वेळी कॅलेंडर घेतलं नाही. मुलांना सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गावातली एक जागा विचारा, तिची गोष्ट ऐका, आणि ती भिंतीवर काढली तर चालेल का, तेही विचारून या. मुलं बरंच काही घेऊन आली. बुजलेली विहीर, जुनी गाडीवाट, दुष्काळात जिथे खडी फोडली ती टेकडी. सातवीतल्या एका मुलीच्या आजीने तिला सगळं शिवार सांगितलं होतं. पण ओढ्याकाठच्या एका जागेविषयी आजी म्हणाली होती, ''हे तुला म्हणून सांगितलं. भिंतीवर नको.''

मुलगी माझ्याकडे आली. ''सर, मग तिथे काय काढू?''

पूर्वीचा मी असतो, तर तिथे एक कांगारू बसवला असता. मी म्हटलं, ''काही काढू नकोस. कोरं ठेव.''

ती भिंत अजून आहे. प्रत्येक चित्राखाली, ज्या घरातून गोष्ट आली त्या घराचं नाव आहे. ओढ्याच्या कडेला वीतभर जागा कोरी आहे. नवीन येणारे विचारतात, इथलं काम राहिलं का? मुलं सांगतात, राहिलं नाही, आजीने सांगितलंय.